थँक्सगिव्हिंगचा पक्षी आणि विहीणबाईंचे इंजेक्शन

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. मुलगा आणि सून अमेरिकेत असतात. येत्या नोव्हेंबरात त्या पतीसह प्रथमच तिकडे जात आहेत. सुनेने फोनवर आनंदाने सांगितले आहे की, या वर्षी थँक्सगिव्हिंगचे जेवण आपल्याकडे, दहा-बारा माणसे, आणि टर्की आपण दोघींनी मिळून करायचा. 'दीड किलोच्या कोंबडीपलीकडे आजवर माझा हात गेलेला नाही. सहा किलोचा पक्षी कसा शिजवू? आणि आमच्या ह्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, त्यांना त्यातले काय चालेल?' असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पाकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि तीन वर्षांपूर्वी लेकीकडे न्यू जर्सीत असताना अशाच एका जेवणाच्या सिद्धतेत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा होतो. त्या दिवशी आमच्या हातून दोन चुका झाल्या. एक पक्ष्याच्या बाबतीत, दुसरी माणसाच्या बाबतीत. पहिली सर्वांची मिळून होती. दुसरी सर्वस्वी माझी होती, आणि इतकी वर्षे दवाखाना चालविलेल्या माणसाकडून ती व्हायला नको होती. भगिनींच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका दिवसात आहेत, म्हणून तो दिवसच येथे सांगतो.

आधी या सणाविषयी थोडे. १६२१ साली प्लिमथ येथे नव्याने वस्ती करून राहिलेले इंग्रज आणि तेथील मूळचे वाम्पानोआग लोक सुगीनंतर एकत्र जेवले, त्या भोजनाशी या सणाचा संबंध जोडतात. १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी तो राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला आणि १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार त्यासाठी कायमचा ठरला. (मूळ रहिवाशांपैकी अनेकांना मात्र हा दिवस शोकाचा वाटतो, हेही तिकडे जाणाऱ्याने ठाऊक ठेवावे.) चौथा गुरुवार म्हटल्यावर मराठी वाचकाच्या लक्षात येईलच की, आपल्यातली कित्येक घरे नेमकी त्या वारी मांसाहार करीत नाहीत. २०२५ साली तर हा सण २७ नोव्हेंबरला आला आणि तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता! एका ओट्यावर टर्की आणि दुसऱ्या खोलीत महालक्ष्मीचा घट, असे दृश्य त्या वर्षी किती मराठी घरांत दिसले असेल कोण जाणे.

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. पण आपल्या इतिहासाला तो अगदीच परका नाही. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जी अपूर्वाईची जनावरे नेली, त्यांत एक टर्की होता. बादशहाला त्याचे एवढे नवल वाटले की, त्याने त्याचे वर्णन आत्मवृत्तात लिहून ठेवले. दरबारातला चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. फुगलेला, लाल तुरा लोंबणारा, मोठा ऐटबाज पक्षी आहे तो. लेकीच्या फ्रीझरमधून बाहेर आलेला टर्की मात्र पिशवीत घट्ट आवळलेल्या पाट्याइतका टणक होता.

त्याचे वजन होते १४ पौंड, म्हणजे सुमारे ६ किलो ३५० ग्रॅम. हाडांसकट माणशी एक ते दीड पौंड असा तिकडचा हिशेब आहे. अकरा माणसांपैकी आठजण मांसाहार करणारे, त्यामुळे वजन योग्यच होते. चुकला तो दिवसांचा हिशेब. गोठलेला पक्षी फ्रिजमध्ये ठेवून सैल होण्यास दर चार-पाच पौंडांना चोवीस तास लागतात. १४ पौंडांना तीन ते साडेतीन दिवस. गुरुवारी सकाळी भाजायचा असेल तर रविवारी रात्री तो फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवायला हवा. खालच्या कप्प्यात अशासाठी की, सुटणारे पाणी कोशिंबिरीवर किंवा फळांवर गळू नये. एखादा दिवस लवकर काढला तरी बिघडत नाही, कारण सैल झाल्यावरही तो फ्रिजमध्ये एक-दोन दिवस चांगला राहतो. लेकीने तो काढला मंगळवारी रात्री, कचेरीतून आल्यावर. ती तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि दिवसभर काम करून थकलेली असे, म्हणून तिला बोल लावण्याचे काही कारण नव्हते.

बुधवारी रात्री पक्षी वरून थोडा मऊ लागत होता, आतून काय ते कळत नव्हते. ती म्हणाली, "बाबा, रात्रभर ओट्यावरच ठेवू या का? सकाळपर्यंत नक्की सुटेल." बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून तिला ते निर्धोक वाटले. पण घरातली हवा यंत्राने उबदार ठेवलेली असते, हे ती विसरली. ४ अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंतचा पट्टा हा जंतूंच्या वाढीचा पट्टा होय. ओट्यावर ठेवलेल्या एवढ्या मोठ्या पक्ष्याच्या पोटात बर्फ तसाच राहतो आणि त्वचा व तिच्याखालचे मांस मात्र तासन् तास या पट्ट्यात पडून राहते. कच्च्या कोंबडीत व टर्कीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यांना रात्रभराची सवड द्यायची नसते. मी नको म्हटले, ते बरोबर केले. पण नुसते नको म्हणून मी झोपायला गेलो, हे बरोबर केले नाही. कारण दुसरा उपाय हाताशी होता. पक्षी पिशवीसकट थंड पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायचा, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचे, आणि पौंडाला अर्धा तास धरायचा. तेवढे केले असते तर सकाळची धांदल वाचली असती. असा पाण्यात सोडविलेला पक्षी मात्र पुन्हा ठेवून न देता लगेच शिजवावा लागतो.

गुरुवारी सकाळी साडेसात वाजता जावईबापूंनी पोटाच्या पोकळीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. आत बर्फाचा गोळा होता. मान व काळीज-पेटा यांची पुडी त्या पोकळीत घालून देण्याची तिकडे रीत आहे. ती पुडी बर्फात घट्ट रुतून बसली होती. (नवख्या माणसाने ही पुडी आठवणीने शोधावी. ती पोटातच राहून पक्ष्याबरोबर भाजली गेल्याच्या कथा तिकडे घरोघरी ऐकू येतात.) मग न्हाणीघरातली मोठी बादली, थंड पाणी आणि दर अर्ध्या तासाला वाजणारा मोबाइलचा गजर. दहा वाजता ओव्हनमध्ये जायचा तो पक्षी सव्वाअकराला गेला.

त्याआधी आणखी एक प्रसंग घडला, तो आपल्या घरांसाठी महत्त्वाचा आहे. आमच्या सौभाग्यवतींनी पदर खोचला आणि पक्षी नळाखाली धरण्यासाठी पुढे झाल्या. लेकीने अडविले. "आई, इथे टर्की धुवायचा नसतो." सौ. माझ्याकडे पाहू लागल्या. न धुता मांस शिजवायचे, ही कल्पनाच आपल्याकडच्या गृहिणीला शिसारी आणणारी. आपण तीन पाण्यांनी धुतो, हळद लावतो. आपल्या बाजारात समोर कापून दिलेल्या कोंबडीला रक्त-पिसे लागलेली असतात, तेथे त्यात काही अर्थ आहे. पण पाण्याने जंतू मरत नाहीत. ते शिंतोड्यांबरोबर मोरीभर, नळावर, शेजारी ठेवलेल्या काकडीवर पसरतात. त्यांना मारते ती ओव्हनची उष्णता. तेव्हा तयार साफ करून आलेला पक्षी धुवू नये, कागदी रुमालाने टिपून घ्यावा, आणि ज्यावर तो ठेवला ती जागा व आपले हात साबणाने स्वच्छ धुवावेत. घरी आल्यावर कोंबडी धुतल्याखेरीज ज्यांच्या मनाला समाधान नाही, त्यांनी निदान वाहत्या नळाखाली धरू नये. पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन ते पाणी सावकाश ओतावे आणि मोरी लगेच घासावी. सौभाग्यवतींनी माझे ऐकले. पण त्यांनी तो पक्षी मनापासून खाल्ला असे मला वाटत नाही.

भाजण्याची कृती खरोखर सोपी आहे. त्वचेखाली बोटे सरकवून लोणी, लसूण आणि सेज, थाइम ही तिकडची पाने चोळली. मीठ लावण्याआधी मी वेष्टणावरचा मजकूर वाचला, आणि वाचकांनीही तो वाचावा. बरेच टर्की मिठाचे द्रावण टोचूनच विकायला येतात. आमच्या पक्ष्यावर ८ टक्क्यांपर्यंत द्रावण असल्याचे छापले होते. अशा पक्ष्याला पुन्हा मीठ चोळले, वर ग्रेव्हीत मीठ आणि तयार पाकिटातल्या रश्श्यात मीठ, म्हणजे रक्तदाबाच्या वा हृदयविकाराच्या रुग्णाच्या ताटात एका दिवशी किती मीठ गेले याचा हिशेबच राहत नाही. दुसऱ्या दिवशी पाय सुजलेले, दम लागलेला, असा रुग्ण सणांनंतर आपल्याकडेही दवाखान्यात येतोच.

ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १६३ अंश सेल्सिअस. याहून कमी ठेवू नये. पोटात सारण न भरलेल्या १२ ते १४ पौंडांच्या पक्ष्याला तीन ते पावणेचार तास लागतात. पावाच्या तुकड्यांचे सारण पोटात भरण्याची जुनी पद्धत आहे. मला ती पसंत नाही. कच्च्या मांसाचा रस सारणात मुरतो आणि सारण मधोमध असल्याने सर्वांत शेवटी तापते. तोवर छातीचे मांस सुकून जाते. सारण वेगळ्या भांड्यात, भाजीच्या पाण्यात भिजवून केले की ते निर्धोकही होते आणि शाकाहारी पाहुण्यांनाही चालते. गोठलेला पक्षी तसाच ओव्हनमध्ये घातला तर? तेही चालते, पण वेळ किमान दीडपट धरावा लागतो. उकळत्या तेलात तळण्याची जी हौस अलीकडे बोकाळली आहे, तिच्यात मात्र बर्फाचा अंश असलेला पक्षी कधीही सोडू नये. बर्फाचे क्षणात वाफेत रूपांतर होऊन तेल उसळते आणि आग लागते.

पक्षी शिजला हे कसे ओळखावे? रंगावरून नव्हे, रस पारदर्शक निघाला म्हणूनही नव्हे. मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्यावा. मांडीचा सर्वांत आतला भाग, पंखाचा आतला भाग आणि छातीचा जाड भाग या तिन्ही ठिकाणी, हाडाला टोक न लावता, १६५ अंश फॅरनहाइट म्हणजे ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजे. आमच्या पक्ष्याच्या छातीत प्लॅस्टिकची एक खुंटी होती. मांस शिजले की ती वर उडते अशी योजना. अडीच वाजता ती टप्पकन उडाली, मंडळींनी टाळ्या वाजविल्या आणि जावईबापूंनी सुरी उचलली. मी थर्मामीटर घातला. छातीत १६८, मांडीच्या सांध्यापाशी १४८. रात्री न सुटलेला बर्फ अजून आपला हिशेब चुकता करून घेत होता. पक्षी परत ओव्हनमध्ये गेला. लेकीच्या पोटात सात महिन्यांचे मूल असताना मी तो कापू देणे शक्यच नव्हते. त्या क्षणी मला स्वतःविषयी बरेच समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दिवाणखान्यात माझ्या विहीणबाई बसल्या होत्या. वय ६८, बारा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा ३०/७० मिश्र इन्सुलिन, जेवणाआधी अर्धा तास. त्या दुपारच्या या मोठ्या जेवणासाठी त्यांनी सकाळचे इंजेक्शन घेऊन केवळ अर्धी पोळी खाल्ली होती, 'दुपारी एवढे पदार्थ आहेत, पोटात जागा हवी' म्हणून. जेवण दोन वाजता, असे आदल्या रात्री सर्वांना सांगितले होते. रात्रीऐवजी आज दुपारीच दुसरी मात्रा घ्यायची, असे त्यांनी आपल्या मनाने ठरविले. दीड वाजता टेबलावर ताटल्या मांडल्याचा आवाज ऐकून त्यांनी खोलीत जाऊन इंजेक्शन घेतले. मुळात दोन मात्रांमधले अंतर असे आपल्या मनाने कमी करू नये, ते आपल्या डॉक्टरांना प्रवासापूर्वीच विचारून ठेवावे. पण घरात बसलेल्या डॉक्टराने तरी त्यांना ते कुठे विचारले होते? पुढे जेवण लांबले. लांबले हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक होते. दिवाणखान्यात दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी 'होतच आलं' एवढेच सांगून जात होते.

सव्वातीनच्या सुमारास जावईबापूंचा चुलतभाऊ, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि म्हणाला, "काका, काकूंना खूप घाम आलाय. त्या काहीतरी वेगळंच बोलतायत." मी धावलो. कपाळ थंड व ओले, हाताला कंप, नाडी जलद. मला त्यांनी ओळखले, पण आज कोणता वार असे विचारू लागल्या. त्यांच्या पिशवीतल्या यंत्रावर साखर पाहिली. ५६.

रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की उपचार तत्काळ करावा लागतो. त्या शुद्धीवर होत्या, गिळता येत होते. तीन चहाचे चमचे साखर थोड्या पाण्यात ढवळून दिली. घरात पाय नावाची गोड भोपळ्याची पक्वान्ने होती, चॉकलेटेही होती, एकजण तीच घेऊन आली. तो मोह टाळावा. लोणी व इतर स्निग्धांश असलेल्या पदार्थातली साखर रक्तात उशिरा पोचते. साधी साखर, ग्लुकोजची पूड, किंवा अर्धा पेला फळांचा रस हेच खरे. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिली, ८१. मग पाव आणि बटाट्याचा लगदा दिला, म्हणजे साखर पुन्हा खाली येऊ नये. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही घालू नये. कुशीवर वळवून ठेवावे आणि तिकडे ९११ हा क्रमांक लावावा.

अर्ध्या तासात त्या पूर्ववत झाल्या आणि लाजल्या. मी विचारले, "विहीणबाई, दोन वाजता जेवण झाले नाही तेव्हा बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, सगळे थांबलेले. मी एकटी आधी कशी बसू?"

वाचकहो, या उत्तराने मी आजही अस्वस्थ होतो. त्या गुरुवारी मांसाहार करीत नाहीत. पक्ष्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचे सारण, त्यांच्या शेंगा, त्यांचे बटाटे दीड वाजताच झाकून तयार होते. जो पदार्थ त्या खाणारच नव्हत्या तो शिजण्याची वाट पाहत त्या बसून राहिल्या, आणि मी त्या पदार्थाचे तापमान तीन ठिकाणी मोजत होतो. घरात इन्सुलिन घेणारी व्यक्ती आहे हे मला ठाऊक होते. दोनची वेळ टळली तेव्हा दहा पावले चालून 'इंजेक्शन घेतले का' एवढे विचारायचे राहिले.

म्हणून नाशिकच्या भगिनींना माझे सांगणे असे की, पतीचे इन्सुलिन घड्याळाशी बांधू नका. टर्की हा वेळ पाळणारा पदार्थ नाही. ओव्हनमधून काढल्यावर पक्षी वीस मिनिटे ते अर्धा तास तसाच ठेवतात, म्हणजे रस मांसात मुरतो आणि काप नीट पडतात. जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या इन्सुलिनला हाच अर्धा तास जुळतो. पक्षी तापमान दाखवून ओव्हनबाहेर आला, आता तो परत जाणार नाही, तेव्हाच इंजेक्शन. जेवणाच्या अगदी आरंभी घ्यायचे जलद इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्यावर. आणि सकाळची न्याहारी नेहमीसारखी, पूर्ण. हे मोठे जेवण तिकडे दुपारी दोन ते पाच यांमध्ये कधीही होते. ते दुपारचेही नसते आणि रात्रीचेही नसते. म्हणून त्या दिवशीच्या गोळ्यांच्या व इंजेक्शनच्या वेळा निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

खाण्याचे म्हणाल तर टर्कीचे, विशेषतः छातीचे, कातडी काढलेले मांस मधुमेह्याला उत्तम; १०० ग्रॅममध्ये सुमारे ३० ग्रॅम प्रथिने आणि चरबी अल्प. साखर वाढते ती त्याच्या सोबत्यांमुळे. बटाट्याचा लगदा, पावाचे सारण, गोड रताळी, मक्याचा पाव, आणि आपल्या करवंदासारख्या आंबट क्रॅनबेरीचा साखरेत बुडालेला मुरंबा. यांतले एक-दोन निवडावेत, सर्व वाढून घेऊ नयेत. शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. ग्रेव्ही व सारण पक्ष्याच्या रश्श्यात केले आहे काय. आणि रताळ्यांवर जे पांढरे मऊ मार्शमेलो पसरतात, त्यांत बहुधा प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते. जेवणानंतर जी गुंगी येते ती टर्कीतल्या ट्रिप्टोफॅनमुळे, असे तिकडे प्रत्येकजण सांगतो. ट्रिप्टोफॅन कोंबडीतही साधारण तेवढेच असते. गुंगी येते ती पोटभर पिष्टमय अन्नाने आणि मद्याने.

जेवण अखेर सव्वाचारला झाले, आणि चांगले झाले. मांडीचे मांस हाडापासून सुटत होते.

सहा वाजत आले तेव्हा मी उरलेला पक्षी आवरायला उठलो. जावईबापू म्हणाले, "राहू द्या ना बाबा, रात्री पुन्हा सगळे खातील." येथे मला आमच्या गावाकडची एक गोष्ट सांगावी लागली. कित्येक वर्षांपूर्वी एका लग्नघरी रात्री मोठाल्या पातेल्यांत मटण शिजविले, झाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जरा कोमट करून वाढले. मध्यरात्रीनंतर माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर माणसे पोट धरून बसली होती. कळा आणि पाण्यासारखे जुलाब. ताप नाही, उलटी फारशी नाही. हे लक्षण क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूचे. त्याचे बीजाणू शिजविण्याने मरत नाहीत. मोठ्या पातेल्यात अन्न सावकाश निवू लागले की ते जागे होतात आणि अनुकूल उष्णतेत दर दहा-बारा मिनिटांनी दुप्पट होत जातात. अमेरिकेतही या जंतूच्या साथी नोव्हेंबर-डिसेंबरात अधिक दिसतात, आणि त्यांचे कारण हेच सणाचे मोठे भाजलेले मांस. म्हणून पक्षी बाहेर आल्यापासून दोन तासांच्या आत मांस हाडावरून काढून, उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये जावे. तीन-चार दिवसांत संपवावे, आणि पुन्हा खाताना वाफा येईपर्यंत तापवावे. गर्भवतीने तर फ्रिजमधले थंड मांस तसे खाऊच नये. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. जावईबापूंनी डबे भरले. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी हाडांचा तांबडा रस्सा केला. तो मात्र त्यांनी मनापासून खाल्ला.

गेल्या वर्षी पुन्हा तिकडे होतो. पक्षी रविवारीच खालच्या कप्प्यात गेला होता. लेकीच्या कडेवर नात होती आणि फ्रिजच्या दारावर वेळापत्रकाचा कागद. त्यात 'पक्षी बाहेर' या ओळीसमोर तिने 'आईंचे इंजेक्शन' असे लिहिले होते. पावणेदोनला जावईबापूंनी पक्षी ओट्यावर ठेवला आणि लेकीने हाक मारली, "आई, चला, इंजेक्शन घ्या." विहीणबाई पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आधी तो थर्मामीटर मला दाखवा."